हरवलेल्या सोन्याची जप्ती

बँकेच्या तळघरात टेबल एक होतं आणि खुर्च्या तीन. एका खुर्चीवर आक्का बसल्या, दुसरीवर त्यांचा मुलगा निशिकांत, तिसरीवर कोर्टाचे बेलिफ सपकाळे. रेवती भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या वकील शमीम तडवी तिच्याशेजारी उभ्या होत्या, पण त्या उभ्या होत्या सगळं नीट दिसावं म्हणून. रेवती उभी होती ती सवयीनं.

सपकाळ्यांनी हुकूम वाचायला घेतला. रेवती फालक विरुद्ध निशिकांत फालक, घटस्फोटाचा अर्ज. अर्ज दाखल झाल्यापासून पती आपली मालमत्ता चुलतभावाच्या नावे करू लागल्याचं दिसत असल्यामुळे, निकाल लागेपर्यंत ठिबकच्या नळ्यांचं दुकान, पिंप्राळ्याचा प्लॉट आणि बँकेतला लॉकर जप्त. लॉकर निशिकांत आणि त्याची आई अशा दोघांच्या नावे असल्यामुळे आईनं हजर राहावं.

"आक्काला कशाला ओढलं यात?" निशिकांत म्हणाला. "लॉकरमध्ये तिच्या पाटल्यांशिवाय काही नाही."

"तेवढंच निघालं तर तेवढंच लिहू, साहेब," सपकाळे म्हणाले.

निशिकांतच्या आवाजात चीड होती, आणि तिच्याखाली आणखी काहीतरी होतं. तो काल दुपारीच बँकेत येऊन गेला होता. पण हुकमावर सही झाली की लॉकर त्याच मिनिटाला कुलूपबंद व्हायचा. २०४४ साली कोर्ट आणि बँक यांच्यामध्ये कागद घेऊन धावणारा माणूस उरला नव्हता. तो काउंटरवरूनच परत गेला होता. रेवतीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला फक्त एवढंच वाटत होतं की हे लवकर संपावं. आपल्यामुळे पुन्हा एकदा फालकांच्या घरातलं सोनं चारचौघांत निघालं, आणि आता आक्का ती जुनी गोष्ट काढणार.

आक्कांनी काढलीच. "सोन्याच्या पंचनाम्याला हिला बोलावलं," त्या छताकडे बघत म्हणाल्या. "जिनं चोवीस तोळे एस्टीत सोडले, तिला."

वकीलबाईंनी रेवतीकडे पाहिलं. रेवतीनं खाली पाहिलं.

गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची. धुळ्याला निशिकांतच्या मावसभावाचं लग्न होतं. लग्नात घालायला म्हणून रेवतीनं आपलं सगळं सोनं काढून नेलं होतं: पाटल्या, तोडे, गोठ, मोहनमाळ. ते तिच्या आईनं दिलेलं. आईला तिच्या आजीच्या पुतळ्या मिळाल्या होत्या; त्या सगळ्या एकदाच आटवून, एकाच गोळ्यातून आईनं लेकीचे दागिने घडवून घेतले होते. परतताना ते दागिने स्टीलच्या डब्यात आणि डबा कापडी पिशवीत होता. एरंडोलच्या अलीकडे सात वर्षांच्या ओवीला उलटी झाली. रेवतीनं पिशवी उघडून गोळी काढली. जळगावला घरी आल्यावर पिशवी होती, डबा नव्हता.

निशिकांत रात्रीच डेपोत जाऊन आला. पोलिसांत तक्रार दिल्याचं त्यानं सांगितलं. त्यानं तिला शिवी दिली नाही की हात उगारला नाही. फक्त पुन्हा पुन्हा, अगदी शांतपणे विचारत राहिला: "गोळी काढताना डबा कुठे ठेवलास? आठव ना, रेवती." आठ दिवसांनी तिला आठवलं. हिरव्या रेक्झिनची सीट, खिडकीतून आलेलं ऊन आणि त्या उन्हात बाजूला काढून ठेवलेला डबा.

त्या वर्षी तिला नाशिकला डोळे तपासणीच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. फीसाठी पाटल्या मोडायच्या ठरल्या होत्या. ते राहून गेलं. त्यानंतर बाकीचंही राहत गेलं. घराच्या किल्ल्या आक्कांकडे गेल्या. बँकेचं पुस्तक निशिकांतकडे गेलं. बाहेरगावी जायचं तर सोबत कोणीतरी हवंच. 'तुझा काय भरवसा' हे वाक्य घरात इतकं रुळलं की ते बोलायचीही गरज उरली नाही. आईनं मरेपर्यंत या विषयावर एक शब्द काढला नाही, आणि ते रेवतीला सगळ्यात जड गेलं होतं.

लॉकर उघडला. आक्कांच्या पाटल्या, एकदाणी, नथ, चांदीचं तबक. सपकाळे एकेक वस्तू रुमालावर मांडत होते. बँकेचे दोन कारकून पंच म्हणून दाराशी उभे होते. सगळ्यात तळाशी, तबकाच्या खाली, खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं. सपकाळ्यांनी कागद सोडला. आत सोन्याच्या दोन लगडी होत्या, बोटभर लांब, कडा ओबडधोबड.

"हे काय?" आक्का म्हणाल्या.

"बाबांचं," निशिकांत पटकन म्हणाला. "बाबांनी ठेवलेलं. तुला ठाऊक आहे, आक्का."

आक्कांनी मुलाकडे पाहिलं आणि तोंड मिटून घेतलं.

सपकाळ्यांनी पिशवीतून जेवणाच्या डब्याएवढं यंत्र काढलं. जप्त झालेल्या प्रत्येक सोन्याचा हेमांक नोंदवायचा, असा नियम तीन वर्षांपूर्वी झाला होता. आधी जप्तीतलं सोनं कपाटात ठेवताना एक असे आणि परत देताना दुसरं निघे, अशा तक्रारी फार. त्या बंद व्हाव्यात एवढाच हेतू होता.

हेमांकामागचं शास्त्र साधं आहे. सोनं कधीच नुसतं सोनं नसतं. कितीही शुद्ध केलं तरी त्यात दुसऱ्या धातूंचे अंश राहतातच, दहा लाखांत दोन-चार भाग इतके थोडे. तांबं आणि चांदी सोनाराच्या आचेनं आणि तेजाबानं काढता येतात. पण प्लॅटिनम, इरिडियम, पॅलॅडियम असे काही हट्टी धातू सोन्याला सोडत नाहीत. सोनं आटवा, ठोका, तार काढा, ते सोबत येतात. कुठल्या खाणीतलं, कुठल्या नाण्यातलं, कुणाच्या मोडीतलं सोनं एका मुशीत एकत्र आलं, त्यावर या हट्टी धातूंचं आपसातलं प्रमाण ठरतं. आणि ते प्रमाण दोन वेगवेगळ्या मुशींत सारखं जुळणं जवळपास अशक्य. यंत्र लेसरचा एक ठिपका मारून डोळ्यांना दिसणारही नाही एवढा कण उडवतं, त्या कणातले अणू वजनानुसार वेगळे करून मोजतं आणि एक लांबलचक आकडा देतं. तोच हेमांक. दागिना वितळवून त्याचा दुसरा केला, तरी भेसळ झाली नसेल तर आकडा तोच राहतो.

हे यंत्र बाजारात आल्यावर जळगावच्या सराफ्यात काही दिवस मजा झाली. मोड घेताना आकडा काढणं सक्तीचं झालं, आणि माणसं जुनं सोनं मोडायला नेण्याआधी दहादा विचार करू लागली. कुणाच्या काकीची गेलेली साखळी कुणाच्या सुनेच्या अंगठीत सापडली. घराघरांतली थंड पडलेली भांडणं पुन्हा तापली. सपकाळ्यांनी असले पंचनामे बरेच पाहिले होते. म्हणून ते यंत्र लावताना कुणाच्या तोंडाकडे बघत नसत.

आक्कांच्या दागिन्यांचे आकडे निघाले. लगडींचे निघाले, दोन्हींचा एकच. मग सपकाळे रेवतीकडे वळले. "ताई, तुमच्या अंगावरचं, पर्समधलं काही असेल तर तेही लावून घेऊ. तुमचं म्हणून नोंद झाली की ते तुमच्याकडेच राहतं. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, हेही जप्तीतलंच."

रेवतीकडे मंगळसूत्र तेवढं होतं. दोन वर्षांपूर्वी घर सोडताना तिनं ते गळ्यातून काढलं होतं, पण टाकून दिलं नव्हतं. रुमालात बांधून पर्समध्ये ठेवलं होतं. तिनं ते टेबलावर ठेवलं. काळ्या मण्यांमध्ये दोन वाट्या. रीतीप्रमाणे एक सासरची, एक माहेरची.

पहिल्या वाटीला यंत्र लागलं. आकडा आला, नोंद झाली. दुसऱ्या वाटीला लागलं आणि पडद्यावर एक पिवळी पट्टी उमटली.

सपकाळ्यांच्या भुवया आक्रसल्या. त्यांनी काच पुसली, पुन्हा लावलं. पुन्हा पट्टी. तिसऱ्यांदा लावलं. मग त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"काय झालं?" वकीलबाईंनी विचारलं.

"ही वाटी आणि त्या दोन लगडी एकाच मुशीतल्या आहेत, मॅडम. जुळणी हजारात नऊशे शहाण्णव. जो फरक आहे तो डाग देण्याच्या, म्हणजे सांधा जोडायच्या सोन्याचा असणार."

"यंत्र चुकतं," निशिकांत म्हणाला.

"चुकतं, साहेब. म्हणून तीनदा लावतो."

"कुठली वाटी आहे ती?" वकीलबाईंनी रेवतीला हळूच विचारलं.

"आईची," रेवती म्हणाली. "म्हणजे माहेरची. आईनं सगळं सोनं एकदाच आटवलं होतं. त्यातूनच ही…"

तिचं वाक्य अर्धंच राहिलं. सपकाळ्यांनी लगडी काट्यावर ठेवल्या होत्या आणि वजन मोठ्यानं सांगितलं होतं. चोवीस तोळ्यांहून थोडं कमी. घट धरली तर बरोबर चोवीस.

सपकाळे उठले आणि आपली खुर्ची त्यांनी रेवतीच्या मागे सरकवली. ती बसली. तिला राग यायला हवा होता, पण आला नाही. छातीवर कुणीतरी ठेवलेला पाटा कुणीतरी उचलला आणि आता श्वास घ्यायला किती जागा आहे ते कळेना, तसं काहीतरी झालं. मी सोडलं नव्हतं. एवढे तीनच शब्द डोक्यात होते. मी सोडलं नव्हतं.

मग ती हिरवी सीट कुठून आली? ते ऊन? तिनं डोळे मिटून पाहिलं. चित्र अजून तसंच होतं, डब्याच्या झाकणावरची चकाकी सुद्धा. आणि तरी ते खोटं होतं. आठ दिवस तिला रोज एकच प्रश्न विचारला गेला होता, डबा कुठे ठेवलास. कुठेतरी ठेवणं भाग होतं. म्हणून तिनं तो सीटवर ठेवला.

*

"हुरळून जाऊ नका," शमीम तडवी दुसऱ्या दिवशी ऑफिसात म्हणाल्या. पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या बाई. त्यांनी चहा मागवला आणि फाइल मिटून ठेवली. "सोनं कुठून आलं ते यंत्र सांगतं. कसं आलं ते सांगत नाही. उद्या ते म्हणतील, सुनेनंच सासूला ठेवायला दिलं होतं. किंवा म्हणतील, तुमच्या आईच्या सोनाराकडूनच सासऱ्यांनी लगडी घेतल्या. एका मुशीतलं सोनं दोन गिऱ्हाइकांना जाऊ शकतं की नाही?"

"आईनं एवढंच आटवलं होतं."

"तुमची आई आता सांगायला नाही. पोलीस तक्रारीची चौकशी केली मी. अशी तक्रार कधी नोंदलीच गेली नव्हती. ते आपल्या बाजूनं. पण लॉकर त्यांच्या आईच्याही नावावर आहे. आई म्हणाली की लगडी माझ्या, तर जप्ती उठेल आणि सोनं त्यांच्याकडे जाईल. सगळं त्या बाईवर आहे."

"आक्कांवर," रेवती म्हणाली.

संध्याकाळी तिनं पुण्याला ओवीला फोन लावला. ओवी आता अठरा वर्षांची, आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला. आईबापांच्या भांडणात ती कुणाच्याच बाजूनं बोलत नसे. रेवतीनं घडलं ते जसंच्या तसं सांगितलं.

"ओवी? आहेस ना?"

"म्हणजे पिशवी उघडली तेव्हा डबा आत होता की नव्हता?"

"नव्हताच, गं. धुळ्यालाच काढून घेतला असणार."

"म्हणजे मी उलटी केली नसती तरी…"

तेव्हा रेवतीच्या लक्षात आलं. त्या दिवशी सात वर्षांची एक पोर बसमध्ये होती, तिला गोळी द्यायला म्हणून पिशवी उघडली होती, आणि नंतर घरात जे जे झालं ते तिनं कोपऱ्यात बसून ऐकलं होतं. अकरा वर्षं हे पोरीनं कुणाला सांगितलं नव्हतं. प्रवासाला निघायचं म्हटलं की आदल्या दिवसापासून ती जेवायची नाही. नाजूक पोट आहे, असं सगळे म्हणायचे.

"तुझ्यामुळे काही झालं नाही, बाळा," रेवती म्हणाली. "काहीच नाही. कधीच नव्हतं."

ओवी रडू लागली. रेवतीनं तिला रडू दिलं. स्वतःसाठी तिला अजून रडू आलं नव्हतं. ते आता आलं, आणि दोघी फोन न ठेवता तशाच बसून राहिल्या. शेवटी ओवीनं नाक पुसत विचारलं, "बाबांनी का केलं असं?"

"विचारणार आहे," रेवती म्हणाली.

*

कोर्टात सुनावणीच्या आधी समुपदेशकाच्या खोलीत दोघांना समोरासमोर बसवायची पद्धत आहे. समुपदेशक बाई वयानं लहान होती. तिनं पाण्याचे दोन ग्लास ठेवले आणि "मी पाच मिनिटांत येते" म्हणून मुद्दाम बाहेर गेली.

निशिकांत थकलेला दिसत होता. शर्टाच्या खिशाला शाईचा डाग होता. रेवतीला वाटलं होतं की त्याला पाहताच आपला आवाज कापेल. तसं झालं नाही.

"का घेतलं?" तिनं विचारलं. "दुकानाला हवं होतं? तसं म्हणाला असतात तर मी दिलं असतं."

"मी त्यातलं गुंजभरसुद्धा विकलं नाही," तो म्हणाला. जणू हाच त्याचा बचाव होता. "अकरा वर्षं जसंच्या तसं आहे. दुकानात इतक्या अडचणी आल्या, तरी हात लावला नाही."

"मग आटवलं कशाला?"

"दागिने आक्काच्या नजरेला पडले असते."

"आणि घेतलं कशाला?"

तो ग्लास फिरवत बसला. बाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा झाला.

"तू नाशिकला गेली असतीस," तो म्हणाला.

"दोन वर्षांसाठी."

"परत आली नसतीस. मला ठाऊक होतं. तुझ्यासारखी हुशार बाई नळ्यांच्या दुकानदाराकडे कशाला परत येईल? मला वाटलं, एकदा फीचं राहिलं की विषय मिटेल. वर्ष-दोन वर्षांनी देईन परत, सांगेन सापडलं म्हणून. मग ते सांगताच येईना." त्यानं पहिल्यांदा मान वर केली. "आणि तू इतकी… तू सगळं ऐकायला लागलीस. घर शांत झालं."

रेवतीनं ते ऐकलं. गेल्या अकरा वर्षांत तिनं या माणसाची मनातल्या मनात किती वेळा माफी मागितली होती, हे तिला आठवलं. देवापुढे दिवा लावताना सुद्धा. ती सगळी माफी आता परत तिच्याकडे आली होती, आणि तिचं काय करायचं ते तिला कळेना.

"मी आले असते," ती उठत म्हणाली. "परत आले असते. तेव्हा मला तुम्ही आवडत होतात."

*

सुनावणीला न्यायाधीश बाईंच्या पुढ्यात आक्कांचं प्रतिज्ञापत्र होतं. चार परिच्छेद, खाली आक्कांची थरथरती सही. शमीम तडवींनी ते आदल्या दिवशी वाचलं होतं आणि रेवतीला फोनवर इतकंच म्हणाल्या होत्या, "उद्या मन घट्ट करून या."

आक्का साक्षीच्या पिंजऱ्यात आल्या तेव्हा पायरी चाचपत आल्या. वय चौऱ्याहत्तर, इरकली साडी, जाड चष्मा. शपथ झाली.

"हे प्रतिज्ञापत्र तुमचं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"सही माझी आहे."

"मजकूर तुम्ही वाचलात?"

"वाचला नाही. मला बारीक अक्षर दिसत नाही आता. निशू म्हणाला लॉकर सोडवायचा कागद आहे, सही कर. केली."

निशिकांतचे वकील उठू लागले. न्यायाधीशांनी हातानंच त्यांना बसवलं आणि कारकुनाला म्हणाल्या, "वाचून दाखवा त्यांना. सावकाश."

कारकुनानं वाचलं. सदर लॉकरमधील सोन्याच्या दोन लगडी माझ्या दिवंगत पतीने स्वकष्टार्जित उत्पन्नातून खरेदी करून मला दिलेल्या असून त्यावर माझ्या सुनेचा कोणताही हक्क नाही. लगडी लॉकरमध्ये गेली वीस वर्षे असून मला त्याची पूर्ण माहिती आहे.

आक्का ऐकत होत्या. ऐकताना त्यांनी एकदा पदरानं चष्मा पुसला, जणू त्यानं काही फरक पडणार होता. रेवती तिसऱ्या रांगेत बसली होती. ती मनाशी म्हणत होती, बोला, आक्का, म्हणा हो. मुलगा आहे तुमचा. मला काय पाहिजे होतं ते मला त्या दिवशी तळघरातच मिळालंय. हे तिला खरंच वाटत होतं, आणि तरी तिच्या मुठी वळलेल्या होत्या.

"हे बरोबर आहे?" न्यायाधीशांनी विचारलं.

आक्कांनी मुलाकडे पाहिलं. त्या अंतरावरून त्यांना त्याचं तोंड दिसत नसणार. तरी पाहिलं.

"आमचे हे तलाठी होते," त्या म्हणाल्या. "त्यांनी जन्मात सोन्याची लगड हातात धरली नव्हती. माझ्या अंगावर आहे ते माझ्या बापानं दिलेलं. त्या दिवशी बँकेत ती लगड मी पहिल्यांदा पाहिली."

"म्हणजे हे सोनं तुमचं नाही?"

"नाही, बाई. माझं नाही." त्या थांबल्या. मग कुणी विचारलं नसताना पुढे बोलल्या. "धुळ्याच्या लग्नात डबा माझ्यापाशी होता. निघताना निशू म्हणाला, दे, मी पिशवीत टाकतो. मी दिला. मग घरी आल्यावर डबा नाही म्हणाले. मी सुनेला बोलले. फार बोलले. डबा पिशवीत टाकताना आपण कुणी पाहिलाच नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आलं असेल तर मी येऊ दिलं नाही. पोटचा पोर होता."

न्यायाधीशांनी ते सगळं नोंदवून घेतलं. तोंडी आदेश तिथेच दिला: लगडींवरची जप्ती उठवून त्या पत्नीच्या ताब्यात द्याव्यात, दुकान आणि प्लॉट निकालापर्यंत जप्तच राहतील, खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल पतीनं खुलासा द्यावा. निशिकांतचे वकील त्याच्या कानाशी लागले, आणि थोड्या वेळानं उठून म्हणाले की आमची बाजू परस्पर संमतीनं घटस्फोटाला तयार आहे. निशिकांतनं मान हलवली. तो कुणाकडेच बघत नव्हता.

*

कोर्टाच्या आवारात कडुनिंबाखाली आक्का बाकावर एकट्या बसल्या होत्या. निशिकांत गाडी घेऊन निघून गेला होता. शमीम तडवींनी रेवतीच्या खांद्यावर हात ठेवला, "सोमवारी लगडी घ्यायला येऊ," म्हणाल्या आणि दुसऱ्या खटल्याला गेल्या.

रेवती थोडा वेळ उभी राहिली. मग जाऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

"कुठे जाणार आता?" तिनं विचारलं.

"घरी. दुसरं कुठे? निशू बोलणार नाही चार दिवस. मग भूक लागली की बोलेल." आक्कांनी हातातली पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. "मी तुला फार बोलले गं."

"हो," रेवती म्हणाली. "बोललात."

आक्कांनी मान डोलावली. आणखी काही मिळावं अशी त्यांची अपेक्षा नसावी.

रस्त्यावरून एक बस गेली. रेवतीला जाणवलं की आपण कधीपासून खांदे सैल सोडून बसलो आहोत. भूक लागली होती, खरीखुरी, पोटातून आलेली. दोघी कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये गेल्या. आक्कांनी खिचडी-कढी मागवली आणि भिंतीवरचा पदार्थांचा फलक वाचता येईना म्हणून आणखी काय आहे ते पोऱ्याला तीनदा विचारलं.

"चष्मा कधी बदलला होता?" रेवतीनं विचारलं.

"तू घरात होतीस तेव्हा."

रेवती गेली दोन वर्षं नवी पेठेत बऱ्हाट्यांच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. आधी काउंटरवर होती. मग बऱ्हाट्यांनी तिला मागच्या खोलीतलं तपासणीचं काम शिकवलं. यंत्र डोळ्यात प्रकाश टाकून नंबर आपोआप सांगायचं, पण बऱ्हाट्यांचं म्हणणं असं की यंत्राचा नंबर हा अंदाज असतो, माणसाला कशानं दिसतं ते माणसालाच विचारावं लागतं. आणि विचारायचं काम रेवतीइतकं धीरानं कुणी करत नसे.

तिनं रिक्षा केली. आक्का काही न बोलता बसल्या.

दुपारची वेळ असल्यामुळे दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बऱ्हाट्यांनी चष्म्यावरून दोघींकडे पाहिलं आणि मागच्या खोलीतला दिवा लावला. रेवतीनं आक्कांना उंच खुर्चीवर बसवलं, चाचणीची जड चौकट त्यांच्या नाकावर ठेवली आणि आधी उजव्या डोळ्यापुढे एकेक भिंग घालून बघू लागली.

"आता?"

"धुरकट."

"आता?"

"बरं आहे. ग. म. पुढचं ते… भ."

"आणि असं?"

आक्का थोड्या पुढे झुकल्या. मग फलकावरची एकेक ओळ त्या खालपर्यंत वाचत गेल्या. शेवटची ओळ इतकी बारीक होती की धडधाकट डोळ्यांची माणसंही तिथे अडखळत. आक्का अडखळल्या नाहीत. वाचून झाल्यावर त्यांनी मान वळवली आणि त्या विचित्र, गोल भिंगातून रेवतीच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिल्या.

"केस पिकले की तुझे," त्या म्हणाल्या.

"कधीचेच," रेवती म्हणाली. तिला हसू आलं, आणि तिनं ते लपवलं नाही. "इकडे नाही, समोर बघा, आक्का. अजून डावा डोळा राहिलाय."